संध्याकाळचा भोंगा

आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ आलं ते मी नोकरीला लागल्यावर. तोवर सगळं मिलच्या भोंग्यावर भागत असे. मिल आमच्या वस्तीपासून तशी लांब होती, पण वारा तिकडचा असला की भोंगा आमच्याच अंगणात वाजल्यासारखा येई. पहाटेच्या भोंग्याला माय चूल पेटवी. बाराच्या भोंग्याच्या सुमाराला नळाचं पाणी जाई आणि मागे राहिलेल्या बायका अर्ध्या घागरी घेऊन कुरकुरत परतत. दुपारच्या पाळीचा भोंगा होण्याच्या बऱ्याच आधी बाबा सायकलचं हँडल फडक्यानं पुसून निघालेले असत, कारण भोंगा आपल्याला रस्त्यात गाठतो ही गोष्ट त्यांना अपमानाची वाटे. नागपूरच्या जरीपटका बाजारातल्या एका सिंधी दुकानदाराचा रेडिओ दिवसभर चालू असे आणि तोही वेळ सांगे, पण त्याच्यावर आमच्या गल्लीचा भरवसा नव्हता. भोंग्यावर होता. आज मी सांगणार आहे ते त्या भोंग्याचंच आहे, म्हणजे खरं तर माझ्या जेवणाचं आहे, आणि जेवणाचा विषय निघाला की आमच्या घरात सरळ दोन पक्ष पडत.

एका पक्षात बाबा एकटे. मिलमध्ये ते सूतखात्यात होते. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. लिहायला-वाचायला ते मोठेपणी शिकले, दिवसभर उभं राहून आल्यावर रात्रशाळेत बसून. बिडी सोडली, ताडी सोडली, जत्रा सोडल्या, पान सोडलं. त्यांनी आयुष्यात जे काही मिळवलं ते काही ना काही सोडून मिळवलं होतं, त्यामुळे सोडणं आणि मिळवणं ह्या त्यांच्या लेखी दोन गोष्टी राहिल्याच नव्हत्या. दुसऱ्या पक्षात आत्या. ती बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून आमच्याकडे. संत्रा मंडीत फळं निवडायच्या कामावर जाई. अंगानं भरलेली, हसली की खाट हलावी अशी. दोघा भावंडांनी धर्मांतर एकाच दिवशी केलं, एकाच मैदानावर, एकाच रांगेत बसून, गांधीबागेतून आणलेल्या एकाच ठाणाच्या पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी घरी परत येताना बाबांनी खिशातला बिडीचा कट्टा नाल्यात फेकला, आणि आत्यानं घरी येऊन सगळ्या गल्लीला पुरेल एवढा गोडभात रांधला. ही गोष्ट माय नेहमी सांगत असे आणि सांगताना कुणाचीच बाजू घेत नसे. "आधी पोटोबा, मग विठोबा" ही म्हण आत्याच्या तोंडी सारखी असे. तिचा दुसरा अर्धा भाग आमच्या घरातून धर्मांतराबरोबर गेला होता, पण पोटोबा तिनं राखून ठेवला होता.

जेवण आमचं साधंच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण, वाटलेली मिरची. पण मायच्या हाताला चव होती, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी ती पातोडीची भाजी करी. बेसन घोटून थाळीत थापायचं, वड्या कापायच्या आणि खसखस-खोबऱ्याच्या झणझणीत रश्श्यात सोडायच्या. तो रस्सा उकळू लागला की गल्लीतली माणसं काहीतरी निमित्त काढून आमच्या दारावरून जात. कधी सुकट भाजली जाई, तिचा वास तर पार विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंपर्यंत पोचे आणि आत्या म्हणे, भन्तेजींना वासाचं दान. मला ह्या सगळ्याची अतोनात आवड होती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ह्या बाईला लहानपणापासून वैराग्यच होतं. वैराग्य वगैरे काही नव्हतं. मी खादाड मुलगी होते.

मॅट्रिकच्या वर्षी मी हट्टाला पेटले. आमच्या वस्तीतली कुठलीच मुलगी तोवर मॅट्रिक झाली नव्हती, आणि बाबांच्या मनात होतं की मी नुसती पास नाही, पहिल्या वर्गात यावं. ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. पण आमच्या घरात भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक डोळे मिटलेली आणि एक चष्मा लावलेली, आणि चष्म्यातले साहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी पाठ असे. मी त्या तसबिरीखाली पुस्तक घेऊन बसले की बाबा चालतानासुद्धा चपला हातात घेत. एवढं पुरेसं होतं. मी ठरवलं, अठरा तास म्हणजे अठरा तास. आणि नेमकी तेव्हाच आषाढ पौर्णिमा आली, वर्षावास सुरू झाला.

वर्षावासाचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात आणि विहारात रोज धम्माचं वाचन होतं. त्या काळात आमच्याकडची मोठी माणसं पौर्णिमेला अष्टशील पाळत, म्हणजे नेहमीच्या पाच शिलांवर आणखी तीन. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, गाणं-बजावणं आणि फुलं-अत्तर दूर ठेवायचं, मऊ उंच बिछान्यावर निजायचं नाही. फक्त एका दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं घर, आपली खाट, आपली चूल. मला ते एका दिवसाचं प्रकरण अगदी किरकोळ वाटलं. मी विहारातून घरी आले आणि जाहीर केलं की मी आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज अष्टशील पाळणार. त्यावर माझी स्वतःची चार शिलं मी वाढवली. डोक्याला तेल नाही. मैत्रिणींशी वायफळ बोलणं नाही. तिखट नाही. आणि बसून अभ्यास केला तर डुलकी लागते म्हणून अभ्यास उभ्यानं. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, त्यांनी पहिल्यांदा स्वतः वाचून वर्तमानपत्रातली ओळ आम्हाला ऐकवली तेव्हा. आत्यानं फक्त विचारलं, "अन् श्वास घेशील ना वं, का थोही पौर्णिमेलेच?"

माझी शाळा सकाळची. सुटायची ती बाराच्या जरा आधी. म्हणजे शाळा सुटल्यापासून भोंगा होईपर्यंत घर गाठायचं, हातपाय धुवायचे आणि जेवून उठायचं. भोंगा वाजला की हातातला घाससुद्धा ताटात. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यात चिखल, आणि मी दप्तर छातीशी धरून पळत सुटलेली. मंडीत फळ नसलं की आत्याला काम नसे, आणि वर्षावास म्हणजे नेमके तेच दिवस. ती ताट वाढून दारातच बसलेली असे. एकदा मी दोनच घास खाल्ले असतील, तोच भोंगा झाला. मी हात मागे घेतला. आत्या शांतपणे म्हणाली, "थो दुसऱ्या मिलचा होता. आपल्या मिलचा व्हायचा हाय अजून. जेव तू." नागपुरात आणखीही मिला होत्या हे खरं, पण आमच्या भोंग्याचा घोगरा आवाज मी झोपेतही ओळखला असता. मी उठले. त्या दिवशी आत्यानं माझ्या ताटातलं काही खाल्लं नाही, गाईला घातलं. खाण्याच्या बाबतीत तिच्याशी कुणी असं वागलं नव्हतं.

दुपार निघून जाई. संध्याकाळ मात्र वैऱ्याची. दिवे लागले की प्रत्येक घरातून फोडणीचा आवाज येई, आणि उपाशी माणसाला आवाजावरून सुद्धा कळतं की हा लसूण आहे का जिरं आहे. मी तसबिरीखाली भिंतीला पाठ टेकून उभी. हातात भूमिती. पायथागोरसच्या त्रिकोणात मला पातोडीची वडी दिसायची. पहाटेही उभीच. एका पहाटे मला तशीच डुलकी लागली. आत्यानं बाबांना उठवून दाखवलं, "सुखदेव, पाय गा, टांग्याच्या घोड्यावानी उभ्यानं झोपून राहिली पोट्टी." बाबा म्हणाले, "झोपून नाही राहिली. मनन करून राहिली." हे मी अर्धवट ऐकलं आणि खडबडून जागी झाले, आणि मग खरंच मनन करत असल्याचा चेहरा केला. बाबांच्या त्या एका वाक्यावर मी आणखी पंधरा-वीस दिवस तरी काढले असतील.

गल्लीत माझं नाव झालं. आया आपापल्या पोरींना माझं उदाहरण देऊ लागल्या. सुमन नावाची माझी जिवाभावाची मैत्रीण होती. तिची आई तिला उठता-बसता म्हणे की विमलकडे पाय, तिच्या डोक्यात तेल नाही पण अक्कल आहे. सुमननं माझ्याशी बोलणं सोडलं. मला वायफळ बोलायचं नव्हतंच, त्यामुळे मी तेही माझ्या खात्यात पुण्य म्हणून धरलं. त्याच सुमाराला बाबांच्या खात्यातले डोमाकाका, ते आमच्याच गल्लीत राहत, येता-जाता मायच्या स्वयंपाकाची फार तारीफ करू लागले. बाई, परवाची पातोडी काय झाली होती, बाई, अंबाडीत दाणे घालायची तुमची रीत न्यारी. मायला वाटे की सणावाराला आपण वाटी पाठवतो तिचं हे कौतुक. त्या पावसाळ्यात डोमाकाकांच्या अंगावर मांस आलं. आणि बाबांची विजार नाडी आवळूनही कमरेवर राहीना. मायनं ती दोन वेळा आतून मुडपली आणि म्हणाली, मॅट्रिक पोरीची आणि वाळून राहिला बाप.

माझी नात सध्या माझ्याकडे राहते. विमानतळापलीकडच्या मिहान वसाहतीत एका कंपनीत आहे. शहाणी मुलगी, पण तिचा फोन तिला दिवसभर रागावत असतो. पाणी कमी प्यायलीस, चाललीस कमी, झोपलीस कमी, साखर खाल्लीस. संध्याकाळी एका ठरावीक वेळी तो टिंग करून वाजतो आणि मग ती पोरगी तोंडाला कुलूप लावते ते दुसऱ्या दिवशीपर्यंत. परवा ती मला मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होती की अशानं माणूस नव्यानं घडतो. मी ऐकून घेतलं. ह्या वयात एक कळतं, की ज्या गोष्टीतून आपण स्वतः डोकं आपटून बाहेर पडलो तिच्याबद्दल बोलायला गेलं तर समोरच्याला ती जुन्या माणसाची कटकट वाटते. म्हणून मी इथे लिहिते आहे.

तर आश्विन पौर्णिमा आली. वर्षावास संपायचा दिवस. त्या संध्याकाळी विहारात दर वर्षी मुलांची वक्तृत्व स्पर्धा होई, आणि मग अष्टशील न घेतलेल्या सगळ्यांना खीर. मी नाव दिलं होतं. विषय मीच निवडला होता, आणि तो सांगताना मला आजही हसू येतं. विषय होता मध्यम मार्ग. सिद्धार्थानं अंगाची काडी होईतो उपास केले, त्यातून काही हाती लागलं नाही, नदीकाठी तो कोसळला, मग सुजातेनं दिलेली खीर त्यानं खाल्ली, आणि त्याला उमगलं की सुखात लोळणंही खोटं आणि देहाला छळणंही खोटं. हे भाषण मी महिनाभर घोकत होते. उभ्यानं आणि उपाशी. त्यातल्या शब्दान्‌शब्दाचा अर्थ मला विचारला असता तर मी फडाफड सांगितला असता, पण तो आपल्याला उद्देशून आहे हे काही केल्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याच नाही, बाबांच्याही आलं नव्हतं. तेच ते भाषण माझ्याकडून म्हणून घेत.

त्या दिवशी बाबांनी मिलमध्ये खाडा केला. बाबांचा खाडा म्हणजे घरात कुणाचं लग्न किंवा मरण. पांढरा सदरा घालून ते पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले, शेजारी डोमाकाका. बायकांच्या बाजूला माय आणि आत्या. परीक्षक म्हणून कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. भन्तेजी एका बाजूला आसनावर. म्हातारे, अगदी कमी बोलणारे. वर्षभर त्यांच्या तोंडून वंदनेपलीकडे दहा वाक्यं आम्ही ऐकली असतील तर पुष्कळ. मागच्या पडवीत खिरीचं पातेलं होतं आणि वेलदोड्याचा वास येत होता. मी मायची पांढरी साडी नेसले होते. उभी राहिले, सगळ्यांना वंदन केलं आणि सुरू केलं. सुरुवात छान झाली, हे मला आठवतं. आवाज लागला होता. माझ्या समोर दिव्यांभोवती पिवळी वर्तुळं होती, ती मोठी होत होती, पण मला वाटलं हे भाषण रंगल्याचं लक्षण असावं. "शेवटी त्या अतिरेकी तपश्चर्येने त्याची गात्रे शिथिल झाली," मी म्हणाले, "डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तो राजपुत्र नदीच्या तीरावर कोसळला."

आणि मी कोसळले.

पुढचं मला ऐकून माहीत आहे, पण इतक्या जणांकडून आणि इतक्या वेळा, की आता ते पाहिल्यासारखंच वाटतं. मी पडले आणि विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हुबेहूब केलं पोरीनं. प्राध्यापक मान डोलावत होते. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी. पुढे कितीतरी वर्षं, ही गोष्ट निघाली आणि घर हसू लागलं, की बाबा ह्या ठिकाणी उठून बाहेर जात. आपल्या हातांनी आपण टाळ्या वाजवल्या हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. टाळ्या चालू असताना बायकांमधून आत्या उभी राहिली. ती मला तीन महिने खाताना पाहत होती, म्हणजे न खाताना पाहत होती, तिला अभिनय आणि चक्कर यातला फरक कळत होता.

"थांबा गा," ती म्हणाली. "टाळ्या काहून वाजवून राहिले? पोट्टी पडली हाय."

मला शुद्ध आली तेव्हा माझं डोकं आत्याच्या मांडीवर होतं आणि तोंडापाशी खिरीचा चमचा होता. कुणीतरी पदरानं वारा घालत होतं. माय माझे तळपाय चोळत होती आणि रडत होती. बाबा उभे होते, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे. मी दात घट्ट मिटले. त्या अवस्थेतही माझं डोकं कसं चाललं होतं पाहा. मी म्हटलं, "बारा वाजून गेले."

शील ते शील, आणि तेही पौर्णिमेच्या दिवशी, विहारात. सगळ्यांनी भन्तेजींकडे पाहिलं. ते आसनावरून उठले, माझ्याजवळ येऊन वाकले. त्यांच्या चिवराला कापराचा वास होता. ते म्हणाले, "बेटी, सुजातेनं किती वाजले ते विचारलं नव्हतं."

एवढंच बोलले आणि जाऊन बसले. मला वाटतं माझे दात तेव्हाच सैल झाले असते, पण माझी नजर बाबांवर गेली. ते रागावतील असं नाही. त्यांना वाईट वाटेल. तीन महिने झाले, शेवटच्या संध्याकाळी पोरीनं मोडलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि तोंड उघडलं नाही. बाबा माझ्याशेजारी खाली बसले. आत्याच्या हातातली वाटी त्यांनी घेतली आणि म्हणाले, "खाय."

"तुमाले वाईट वाटन," मी म्हटलं.

आत्या हे सगळं ऐकत होती. तिनं एक मोठा उसासा टाकला आणि म्हणाली, "तिले मंग देजो. आधी तू खाय, सुखदेव."

"मी कशाले?"

"डोमाजीले विचारू का, तुया डब्यातली पातोडी कोन खाऊन राहिला थे?"

डोमाकाकांनी मान खाली घातली. कुणाच्या अंगी काय लागतंय हे आत्याच्या नजरेतून सुटत नसे. मायनं तळपाय चोळायचं थांबवलं आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, अंबाडीची तारीफ, मुडपलेली विजार. डोमाकाका हळूच म्हणाले की मी नको म्हणत होतो बाई, यानंच गळ घातली, डबा भरलेला घरी नेला असता तर तुमच्या ध्यानात आलं असतं. झालं होतं ते असं. दुपारच्या पाळीत संध्याकाळी जेवणाची सुट्टी होई, तिचाही भोंगा वाजे. त्या सुट्टीत बाबा आषाढ पौर्णिमेपासून डबा खातच नव्हते. उघडून डोमाकाकांपुढे ठेवत आणि स्वतः नळावर जाऊन पाणी पीत.

"पोट्टी घरी उपाशी उभी राहते," बाबा म्हणाले, "अन् मी कसा जेवू? घास उतरेच ना." मग म्हणाले, "तिनं उपास सोडला असता तं मीही सोडला असता. पण ती सोडून नाही राहिली."

"अन् मी तुमच्याचसाठी सोडून नव्हती राहिली," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं.

आत्यानं आजवर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. पण ती जे बोलली ते मी विसरले नाही. "मशीनवर उभा राहतं तू. उपाशी पोटी चक्कर येऊन पट्ट्यात हात गेला असता तं? मंग पहिला नंबर कोनाले दाखवाले नेला असता पोट्टीनं?" बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, तू खाल्ली तर मी खातो. मी म्हटलं, आधी तुम्ही. ते म्हणाले, नाही, आधी तू. एवढं सगळं होऊनही आम्ही दोघं बापलेक पुन्हा अडून बसलो होतो. मागे कुणीतरी हसलं. आत्यानं वाटी ओढून घेतली, दुसरा चमचा मागवला, दोन्ही हातांत दोन चमचे भरले आणि म्हणाली, "दोघं संगं तोंड उघडा." आम्ही उघडलं. खीर गरम होती आणि गुळाची होती, आणि बाबांच्या मिशीला लागली. त्या तीन महिन्यांत मी बाबांच्या इतकी जवळ बसले नव्हते. मग डोमाकाकांनीही वाटी पुढे केली, तर आत्या म्हणाली, "तुले नाही. तुया वाट्याचं तू खाऊन बसला."

स्पर्धेचं पहिलं बक्षीस मलाच मिळालं. प्राध्यापकांनी भाषणात सांगितलं की सादरीकरण अत्यंत जिवंत होतं. आत्या म्हणाली, जिवंत राहिली म्हणून दिलं असन.

पुढे मी अभ्यास सोडला नाही. बसून केला, तेल घालून केला, आणि सुमनच्या घरी जाऊन तिच्यासोबत केला. डोळे मिटायला लागले की निजत असे. मंडीत आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाची, पहिली संत्री आली, हिरव्या सालीची, दात आंबवणारी. आत्या ओच्यातून आणून माझ्या पुस्तकावर ठेवी आणि मी ती मीठ लावून खात वाचे. मॅट्रिकचा निकाल तेव्हा वर्तमानपत्रात येई, वर्गवार नंबर. बाबांनी पेपर जमिनीवर पसरला आणि पहिल्या वर्गाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग त्यांचं बोट पुढच्या रकान्यात गेलं आणि थांबलं. बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "आहे. आपला नंबर आहे." पेपर घडी करून त्यांनी सायकलच्या कॅरिअरला लावला आणि मिलमध्ये दाखवायला नेला. दुसरा वर्ग होता. वस्तीतली पहिली मुलगी होते. त्याच दुसऱ्या वर्गावर मी शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत पोरींना शिकवलं. डबा न खाता मैदानात हिंडणारी पोर दिसली की मी तिला सोडत नसे.

पण मला सांगायचं होतं ते संध्याकाळच्या भोंग्याचं. त्या पौर्णिमेनंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी, बाबा निघताना दारात घुटमळले. त्यांना मनातलं बोलायचं असलं की ते सायकलकडे बघून बोलत. ते सायकलला म्हणाले, "सुट्टीचा भोंगा झाला का जेवजो. मीही तवाच डबा उघडतो." बस. तेव्हापासून आमच्या घरात संध्याकाळचं जेवण त्या भोंग्यावर होऊ लागलं. माय वाढून ठेवी, आत्या पाट मांडी, आणि आम्ही तिघी कान देऊन बसत असू. घोगरा आवाज आला की मी पहिला घास घेई. तिकडे सूतखात्यात, यंत्रांच्या गलक्यात, बाबा त्याच घटकेला भाकर मोडत असणार, हे मला दिसे. डबा मीच भरत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते विचारत, कालचं वांगं जरा तिखट होतं ना वं? आणि मी म्हणे, हो, जरा होतं. लांब बसून एका ताटात जेवल्यासारखं ते असे.

बऱ्याच वर्षांनी मिल बंद पडली. भोंगाही बंद पडला. माय गेली, आत्या गेली. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा आत्यानं साखर घालून भात मागितला होता. बाबा शेवटी माझ्याकडे होते. ऐकू येईनासं झालं होतं, दिवस आणि वार यांची गल्लत होई. पण दिवे लागल्यावर ते खाटेवर उठून बसत, कान त्या मिलच्या दिशेला करत आणि विचारत, "भोंगा झाला का वं, विमल?" मी त्यांच्या कानाशी वाकून सांगे, "झाला, बाबा." मग ते जेवायला लागत, आणि एक घास घेतल्यावर थांबून माझ्या ताटाकडे बघत. मीही घास घेतला आहे हे दिसल्यावर पुढे जेवत. भोंग्याबद्दल खोटं बोलायला मी आत्याकडून शिकले.

काल संध्याकाळी मी पातोडी केली होती. आता पाट्यावर वाटण होत नाही, पण रस्सा तसा बरा जमला. नातीला ऑफिसातून यायला उशीर झाला. ती ताटावर बसली, वडी मोडली, आणि शेजारी ठेवलेला फोन टिंग वाजला. तिचा हात ताटावरच थांबला. "आजी, वेळ झाली," ती म्हणाली. दमलेली होती पोरगी, डोळ्यांखाली काळं आलं होतं.

मी रश्श्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

"थो दुसऱ्या मिलचा होता," मी म्हटलं. "आपल्या मिलचा व्हायचा हाय अजून. जेव तू."